गणपतीच्या सुट्टीत खोकला थांबला होता का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुमचे दादा, वय 38, आधी 4 सीझन चिरेखाणीवर कटर चालवत होते आणि आता 9 वर्षं कणकवलीच्या बाजूला सिलिका वाळूच्या प्लांटवर सुकी वाळू चाळून पोत्यात भरायचं काम करतात. दोन वर्षं कोरडा खोकला आहे, घाटी चढताना दम लागतो, गेल्या वर्षी टीबी म्हणून 6 महिने गोळ्या झाल्या, थुंकीत कधीच काही सापडलं नव्हतं, गोळ्यांनी फरक शून्य. वहिनी काजू कारखान्यात जातात, त्यांना शिंका, डोळ्यांची आग आणि रात्री छातीत घरघर. तुम्ही विचारताय की हे कामामुळे असेल का, चांगला मास्क आणून दिला तर भागेल का, की काम सोडायला लावू. आणि शेवटी एक वाक्य लिहिलंय, की आमच्याकडे हवा तर स्वच्छ आहे, प्रदूषण मुंबई-दिल्लीला.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो कारण गेली 22 वर्षं मी हेच ऐकतोय. आधी लोट्याच्या बाजूला कंपनीचा डॉक्टर होतो, आता सिंधुदुर्गात स्वतःचा दवाखाना आहे आणि काही युनिट्सच्या कामगारांची तपासणी करतो. कोकणात कसलं आलंय प्रदूषण, समोर समुद्र, मागे सह्याद्री, मध्ये आंबा-काजू. बरोबर आहे, गावाची हवा चांगलीच आहे हो. पण दादांची फुप्फुसं गावाची हवा घेत नाहीत ना, ती दिवसाचे 8-9 तास चाळणीच्या पुढची हवा घेतात. नाकापुढच्या दोन हातांत काय आहे ते बघायचं, तालुक्याचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा आकडा, बघून काय उपयोग. जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांनी 2021 मध्ये मिळून एक हिशोब मांडला होता, त्यात 2016 या एका वर्षात कामाच्या जागी धूळ, धूर, वायू यांच्यामुळे जगभर साधारण 4 लाख 50 हजार माणसं दगावली असं निघालं. त्यातला बराच भाग सीओपीडीचा, म्हणजे हळूहळू दम कमी होत जाणाऱ्या आजाराचा. हा आजार आपल्याकडे 'विडीमुळे' किंवा 'वय झालं' या नावाने खपून जातो.

आता दादांचं. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण ही हकीकत माझ्यासमोर कुणी सांगितली तर माझ्या डोक्यात पहिलं नाव सिलिकोसिसचं, म्हणजे सिलिकाची धूळ फुप्फुसात बसून होणाऱ्या आजाराचं येईल, टीबीचं दुसरं. आणि दोन्ही एकदम असू शकतात, ती गोष्ट पुढे सांगतो.

कोकणात तीन प्रकारची धूळ माणसं खातात आणि तिन्ही सारख्या नाहीत. एक लाल, जांभ्याची. चिरेखाणीवर पूर्वी पहार-टिकावाने चिरे काढायचे तेव्हा धूळ जाड उडायची, आता मशीनचं पातं सुकं फिरतं आणि धूळ पिठासारखी बारीक. संध्याकाळी माणूस पापण्यांपासून पायापर्यंत लाल. बघणाऱ्याला भीती वाटते ती हीच. दुसरी काळ्या दगडाची, क्रशरवरची, हायवेचं काम सुरू झाल्यापासून फार वाढलेली. तिसरी पांढरी, सिलिका वाळूची, कासार्डे-फोंडा पट्ट्यातली वाळू काचेला आणि फाउंड्रीला, म्हणजे धातूच्या ओतकामाला जाते ती. ही दिसायला सगळ्यात सभ्य. कपड्यावरून झटकली की गेली. आणि तिघींमध्ये सगळ्यात वाईट हीच.

कारण काय, तर त्रास देतं ते स्फटिक रूपातलं सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ. जांभ्यात मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, क्वार्ट्झ असतं पण जागेप्रमाणे कमीजास्त. काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात मोकळं क्वार्ट्झ फारच थोडं. आणि सिलिका वाळू म्हणजे जवळजवळ सगळं क्वार्ट्झच. आपल्या जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या शेड्यूलमध्ये याची एक साधी रीत दिली होती: बारीक धुळीत क्वार्ट्झ किती टक्के ते काढा, त्यात 2 मिळवा, आणि 10 ला त्याने भागा, जे उत्तर येईल तेवढे मिलीग्रॅम धूळ एका घनमीटर हवेत चालेल. समजा जांभ्याच्या धुळीत 3 टक्के निघालं, तर 10 भागिले 5, म्हणजे 2 मिलीग्रॅम. वाळूत 98 टक्के धरा, 10 भागिले 100, म्हणजे 0.1 मिलीग्रॅम. वीसपट फरक. अंगमेहनतीच्या एका शिफ्टमध्ये माणूस साधारण 10 घनमीटर हवा ओढतो, म्हणजे दादांना दिवसाला 1 मिलीग्रॅमची मुभा, मिठाचे दहा-पंधरा कण म्हणा. अमेरिकेने तर 2016 मध्ये ही मर्यादा आणखी निम्मी केली. चाळणीशेजारी उभा राहून 9 वर्षं किती गेली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

अजून एक गंमत, गंमत कसली म्हणा. कौलातून येणाऱ्या कवडशात धुळीचे कण नाचताना दिसतात ना, ते बहुतेक मोठे कण. ते नाकात-घशात अडकतात, शेंबडाबरोबर बाहेर येतात. फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात ते 4-5 मायक्रॉनच्या खालचे, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून लहान, ते दिसत नाहीत आणि जमिनीवर बसायलाही तासन् तास घेतात. म्हणून 'आज धूळ कमी दिसतेय' याला अर्थ नाही. आत गेल्यावर आपल्या शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तो कण गिळतात, तो पचत नाही, उलट पेशीच मरते, कण परत मोकळा, मग दुसरी पेशी गिळते, ती मरते, आणि प्रत्येक वेळी तिथे थोडा वण राहतो. वणावर वण साठून गाठी होतात. म्हणून काम सोडल्यावरही हा आजार कधी कधी पुढे सरकतच राहतो, कारण कण आतच आहेत. साधारणपणे 10 वर्षांहून जास्त धूळ खाल्ल्यावर दिसतो, धूळ जास्त असेल तर 5 ते 10 वर्षांत, आणि अगदीच भयंकर धूळ असेल तर त्याच्याही आधी. दादांची 9 वर्षं त्या मधल्या गटात बसतात, म्हणून मला काळजी वाटते.

टीबीचा घोळ असा होतो. सिलिकोसिसच्या गाठी एक्स-रेत वरच्या भागात जास्त दिसतात, टीबीलाही तोच भाग आवडतो. माणूस बारीक झालेला, खोकतोय, एक्स-रेत वर डाग, डॉक्टरसमोर बाहेर चाळीस पेशंट, लिहून दिली गोळी. डॉक्टरला शिव्या द्यायला नको, मीही हे केलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका कामगाराला अख्खा सीझन खोकल्याचं औषध देत राहिलो, छातीला स्टेथोस्कोप लावला, रक्त तपासलं, सगळं केलं, पण 'करतोस काय रे कामाला' हे विचारलं नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेला आणि तिथे त्याच्या बायकोने आपणहून सांगितलं की हे वाळूवर असतात. इटलीत रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं की रोग्याला बाकीच्या प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा काय' हेही विचारा. आमच्या केसपेपरवर त्याचा रकाना असतो, पण त्यात 'मजुरी' एवढंच लिहिलेलं असतं. मजुरी म्हणजे नारळ सोलणं पण आणि वाळू चाळणं पण!

पण उलटी चूकही करू नका, की हा सिलिकोसिसच आहे, टीबी नाहीच. सिलिका बसलेल्या फुप्फुसात टीबीचे जंतू फार सहज रुजतात, अशा माणसाला टीबीचा धोका इतरांच्या कमीत कमी अडीच-तीन पट असतो. तेव्हा पहिलं काम, थुंकीची सीबीनॅट तपासणी, म्हणजे मशीनवर टीबीचे जंतू शोधायची तपासणी, परत करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. ती निगेटिव्ह आली तर छातीचा चांगला डिजिटल एक्स-रे, लागलं तर एचआरसीटी, म्हणजे छातीचं बारकाईचं सीटी स्कॅन, आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी. छातीच्या डॉक्टरला दाखवा, तुमच्याकडून लोक गोव्यात बांबोळीला जातात किंवा कोल्हापूरला, वर चिपळूणकडचे डेरवणला, जिथे जमेल तिथे, पण जाताना एका कागदावर लिहून न्या: कुठल्या साली कुठलं काम, रोज किती तास, सुकं की ओलं, बंद शेडमध्ये की उघड्यावर. आणि एक्स-रे 'आयएलओ पद्धतीने वाचून द्या' अशी विनंती करा. धुळीच्या आजारांसाठी जगभर तीच पद्धत चालते, डाग किती दाट आहेत ते स्टँडर्ड फिल्मशी ताडून लिहितात. पुढे भरपाई मागायची वेळ आली तर हा कागद उपयोगी पडतो.

सिलिकोसिसवर औषध नाही. स्पष्टच सांगतो, कारण 'फुप्फुस साफ करून देतो' म्हणणारे काढे आणि पावडरी विकणारे हल्ली मोबाईलवर भरपूर दिसतात. करता येतं ते एवढंच: धूळ थांबवणं, टीबी लवकर पकडणं किंवा होऊ नये म्हणून औषध घेणं (सरकारी टीबी कार्यक्रमात सिलिकोसिसवाल्यांना तपासून तशा गोळ्या देण्याची सोय आहे), फ्लू आणि न्यूमोनियाची लस, विडी असेल तर आजपासून बंद. क्वार्ट्झची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कॅन्सर करणाऱ्यांत आहे, त्यावर विडी म्हणजे दुहेरी मार. मिशरीबद्दल कुणीतरी विचारेलच, मिशरी फुप्फुसात जात नाही पण तोंडाचा कॅन्सर करते, तेव्हा तीही गुणाची नाही.

आता वहिनी. त्यांची केस वेगळी आहे आणि त्यांच्या बाबतीत मला जास्त आशा आहे.

माझा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच असतो, गणपतीच्या सुट्टीत खोकला थांबला होता का? आपल्याकडे गणपतीला माणूस काहीही करून काम सोडतो, 5-7-11 दिवस घरात. एवढ्या सलग सुट्टीत घरघर कमी झाली आणि कामावर गेल्यावर दोन-तीन दिवसांत परत आली तर तो कामाचा दमा असण्याची शक्यता मोठी. एक बाई मला म्हणाली होती, "डाक्टर, गणपतीक घराक ऱ्हवलंय तेवा काय्येक नाय हुता, कामार गेलंय नि परत सुरू." एवढ्या एका वाक्यात निम्मं निदान झालं. उलट दादांना सुट्टीत विशेष फरक पडणार नाही, वणाला सुट्टी कळत नाही. आणि चिरेखाणीवाल्यांना पावसाचे चार महिने बरं वाटतं कारण खाणी बंद, म्हणून ते समजतात बरा झालो आणि दिवाळीनंतर परत कटरवर. ते बरं वाटणं श्वासनळ्यांची सूज उतरल्याचं असतं. आत बसलेलं तसंच राहतं.

काजू कारखान्यात दोन वेगळे त्रास आहेत. भाजणीचा धूर हा एक. काजूच्या बीच्या टरफलात जो चीक असतो तो बिब्ब्याच्याच जातीचा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, बिब्बा उततो हे आपल्याकडे पोरालाही माहीत. तोच चीक तापून धुरात जातो म्हणून डोळे, नाक, घसा सोलवटल्यासारखा होतो. जिथे जुन्या पद्धतीने ड्रममध्ये बी भाजतात तिथे हा त्रास जास्त, वाफेवर शिजवतात तिथे बराच कमी, पण तिथेही बॉयलरला टरफलंच जाळतात आणि धुरांडं बुटकं असलं की धूर परत शेडमध्येच. दुसरा त्रास गरावरची साल काढतानाच्या बारीक भुशाचा. तो अंगाला सवय होण्याऐवजी उलटा वागतो, म्हणजे वर्ष-दोन वर्षं काही होत नाही आणि मग एक दिवस शरीर त्याला ओळखायला लागतं, त्यानंतर थोड्याशा भुशानेही शिंका आणि घरघर. 'इतकी वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच कसं' या प्रश्नाचं उत्तर हे.

आणि रात्रीच का, तर असा दमा पुष्कळदा धूळ लागल्यावर 4 ते 8 तासांनी उसळतो. शिफ्ट संपते 5 ला, घरघर 10 ला. मग दोष येतो ताकाला, केळ्याला, उशाकडच्या खिडकीला. वहिनींसाठी पीक फ्लो मीटर घ्या, फुंकेचा जोर मोजणारी प्लास्टिकची नळी असते, हजाराच्या आतबाहेर मिळते. दिवसातून 4 वेळा, प्रत्येक वेळी 3 फुंका, त्यातला मोठा आकडा वहीत, 4 आठवडे, आणि त्या 4 आठवड्यांत सुट्टीचे सलग दिवस आलेच पाहिजेत. कामाच्या दिवशी आकडा पडतो, सुट्टीत चढतो असं दिसलं तर ती वही डॉक्टरला दाखवा, मोठ्या मशीनच्या एका रिपोर्टपेक्षा ती वही मला जास्त सांगते. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर मोठ्या माणसांतल्या दम्यापैकी साधारण सहातला एक कामाशी जोडलेला निघतो, म्हणजे हे काही दुर्मीळ नाही. आणि हा लवकर पकडून माणूस त्या भुशापासून दूर केला तर पुष्कळांचा दमा खूप कमी होतो, काहींचा जातोही. पंप मारत मारत तिथेच आणखी 5 वर्षं काढली तर मात्र तो कायमचा मुक्काम करतो. सालीच्या कामाऐवजी पॅकिंग किंवा ग्रेडिंगला बदली मागता आली तर बघा. आणि फुकट मिळतात म्हणून टरफलं घरच्या चुलीत घालत असाल तर आजच बंद करा, कारखान्यात 8 तास आणि घरी 2 तास तोच धूर म्हणजे जखमेवर मीठ.

इथे वाचणारे निम्मे लोक बंदरावरचे असणार, म्हणून त्यांच्यासाठीही थोडं लिहितो, विषय सोडून नाही.

बोटीवर मासळी ठेवायच्या खणात बर्फ वितळला, मासळी नासली, झाकण बंद राहिलं की हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांच्या) पुढे गेला की हाच वायू नाकाची वास घेण्याची शक्ती मारतो. म्हणजे वास गेला की माणसाला वाटतं हवा सुटली, आणि तो खाली उतरतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एका बोटीवरचे दोन-तीन जण एकदम गेल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतात त्या अशाच. झाकण उघडून वारा खेळता ठेवायचा, ब्लोअर असेल तर लावायचा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोघे जण, आणि खालचा पडला तर त्याला दोराने ओढायचं, मागे उडी मारायची नाही. कितीही सख्खा असला तरी. सांगायला सोपं, त्या क्षणी कुणाचं भान राहतं, म्हणून दोर आधीच बांधायचा.

बर्फ कारखान्यातला अमोनिया निदान प्रामाणिक, वास लगेच येतो आणि माणूस पळतो. फक्त पळायचं कुठे ते माहीत हवं, वाऱ्याच्या आडवं किंवा वारा जिकडून येतो तिकडे, वाऱ्याबरोबर नाही. अमोनिया हवेपेक्षा हलका असं पुस्तकात असतं, पण थंडगार गळती आपल्या दमट हवेत पांढरं धुकं होऊन जमिनीलगत सरकते, मी बघितलंय. तोंडावर ओला कपडा, डोळ्यांत गेला तर किमान 15 मिनिटं पाणी.

कोलंबी सोलणाऱ्या बायकांना शिंका-दमा होतो तोही खराच आहे, कोलंबीचं प्रथिन पाण्याच्या तुषारांबरोबर उडून श्वासात जातं. शिवाय कोलंबी काळी पडू नये म्हणून मेटाबायसल्फाइट टाकतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, बंद जागेत ती पावडर ओतताना दमेकरी माणसाने जवळ थांबूच नये. आणि डिझेलचा धूर, इंजिनाच्या केबिनमध्ये झोपणारे खलाशी असोत नाहीतर हायवेवर दिवसभर झेंडा घेऊन उभी असलेली पोरं असोत. हा धूर 2012 पासून कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात आहे, आणि हृदयालाही तो लागतो, हे लोकांना खरं वाटत नाही. बारीक कण फुप्फुसातून रक्तापर्यंत परिणाम करतात, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, आधीच बीपी-शुगर असलेल्याला हार्ट अटॅक आणि लकवा दोन्हीचा धोका वाढतो. फक्त खोकला आला तरच हवा वाईट, असं नसतं.

मास्क. तुमचा प्रश्न होता म्हणून उत्तर देतो, पण मला हा प्रश्न शेवटी आलेला आवडतो. रुमाल, पंचा, दवाखान्यातला निळा मास्क, यांनी क्वार्ट्झची बारीक धूळ अडत नाही. एन-95 अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तर, दाढी असेल तर कडेने सगळं आत. आणि मे महिन्यात आपल्या घामात तो तासाभरात ओला होतो, माणूस खाली ओढतो, सुपरवायझर आला की वर. त्यात 8 तास जड काम कुणी करून दाखवावं. आणि वायू-वाफेला एन-95 काहीच नाही, त्याला वेगळ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. म्हणून मास्क आणा, जरूर आणा, पण त्याने भागलं असं समजू नका.

खरं काम पाण्याने होतं. पात्यावर पाण्याची बारीक धार, चाळायच्या आधी वाळू ओली ठेवणं, ज्या मालाला सुकंच लागतं तिथे चाळणी झाकून धूळ ओढून घेणारा पंखा आणि पिशवी फिल्टर. मालक म्हणतात पाणी कुठून आणू, खाणीवर एप्रिल-मेमध्ये प्यायला नाही. ही अडचण खोटी नाही, मी जाऊन बघितलंय. पण पावसाळ्यात त्याच जुन्या खाणीत पाणी साठतं, त्यातली एक खाण प्लास्टिक घालून राखून ठेवली तर काम भागतं, असं करणारे लोक आहेत. शेड सुकी झाडायची नाही, पाणी मारून झाडायची. कपड्यावरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणं ही सगळ्यात वाईट सवय, एका मिनिटात अख्ख्या दिवसाची धूळ नाकापुढे. कामाचे कपडे तिथेच बदला, घरी आणून पोरांसमोर झटकू नका.

आणि वारा. हे तर फुकट आहे. आपल्या किनाऱ्याकडे दुपारी खारा वारा पश्चिमेकडून, पहाटे-सकाळी मतलई वारा पूर्वेकडून. उघड्यावर कटर चालवणाऱ्याने सकाळी यंत्राच्या पूर्वेला उभं राहायचं आणि वारा फिरला की पश्चिमेला, म्हणजे धूळ आपल्यापासून लांब जाते. होडीवाल्याला हे शिकवावं लागत नाही, पण तोच होडीवाल्याचा मुलगा खाणीवर दिवसभर धूळ तोंडावर घेत उभा असतो.

कायद्याचं थोडं. सिलिकोसिस हा कळवायलाच लागणारा आजार आहे, आणि निदान केलं तर डॉक्टरनेही कळवायचं असतं, हे फार कमी डॉक्टरांना ठाऊक. 1923 च्या भरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस आणि कामामुळे झालेला दमा दोन्ही यादीत होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे 4 लेबर कोड लागू झाले आणि हे जुने कायदे त्यात गेले, सिलिकोसिस यादीत आहेच. 40 च्या वरच्या कामगाराला मालकाने वर्षातून एकदा फुकट तपासणी करून द्यायची असंही त्यात आलं. चांगलंय, पण वाळूवर विसाव्या वर्षी चढलेल्या पोराला चाळिसाव्या वर्षी तपासून काय साधणार, मला कळलेलं नाही. चिरेखाणींची आणखी एक जुनी मेख सांगतो, 1952 च्या खाण कायद्यात जांभ्याच्या उघड्या खाणीला सूट होती, खोली 6 मीटरच्या आत, माणसं 50 पर्यंत आणि सुरुंग नाहीत अशी. आपल्याकडच्या बहुतेक खाणी कुठे बसत होत्या ते बघा. काचेच्या वाळूला मात्र ती सूट नव्हती.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट, पुरावा आत्तापासून जमवा. पगार रोखीत असेल तर हजेरीचं कार्ड, बँकेतली एखादी एन्ट्री, पीएफ किंवा ईएसआयचा नंबर, साइटवरचे तारखेसकट फोटो, बरोबरच्या दोन माणसांची नावं. माझ्याकडे आलेला एक जण 14 वर्षं एकाच ठिकाणी होता आणि त्याच्याजवळ तिथे काम केल्याचा एकही कागद नव्हता, मालकाने ओळखच दाखवली नाही. एक्स-रे बोलत होता पण कुणाविरुद्ध ते सांगू शकत नव्हता.

मग दादांनी काम सोडायचं का. तपासणीत गाठी निघाल्या तर सुक्या वाळूचं काम सोडायचं, यात मी मागेपुढे पाहणार नाही, आणि रिपोर्ट येईपर्यंतही चाळणीपासून लांबच ठेवा. पण नोकरी सोडा असं मी पेशंटला एका वाक्यात सांगत नाही, घरात दोन पोरं आणि कर्ज असलेल्या माणसाला तसं सांगून तो मान हलवतो आणि सोमवारी परत जातो. त्याच मालकाकडे लोडरवर बंद केबिनमध्ये, वॉशिंगच्या ओल्या बाजूला, गेटवर, वजनकाट्यावर काही मिळतं का बघा. डॉक्टरच्या लेटरहेडवर 'धुळीच्या कामास अयोग्य' असं लिहून घ्या, 'हलकं काम द्यावं' असं नको, हलकं काम म्हणून झाडूच हातात देतात, आणि झाडणं म्हणजे सगळ्यात जास्त धूळ.

या आठवड्यात सीबीनॅट आणि एक्स-रे उरका. एक्स-रेची सीडी मागून घ्या, मोबाईलवर काढलेल्या फोटोत बारीक गाठी दिसत नाहीत. 2-3 वर्षांपूर्वीची एखादी जुनी फिल्म घरात कुठे कपाटावर पडली असेल तर तीही शोधा, दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय किती पुढे सरकलंय ते कळत नाही.